डासमावशी आणि जाऊबाईंचे सहा गुण

डासमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव रुग्णालयात कुणाला ठाऊक असेलच तर हजेरीच्या वहीला. चौतीस वर्षांपूर्वी मुलांच्या वॉर्डातल्या एका चिमुरडीनं तिला भल्या सकाळी ट्रे घेऊन येताना पाहिलं आणि "आई, डास आला!" अशी बोंब ठोकली. तेव्हापासून ती डास. पुढे केस पिकायला लागले तेव्हा मान म्हणून त्याला मावशी जोडलं गेलं. तिला विचाराल तर या नावावर तिचा एकच आक्षेप आहे. डास नळीवर नाव, वेळ आणि वॉर्डाचा नंबर लिहीत नाही.

रक्त घेणं हे काम कुणाला किरकोळ वाटत असेल, तर त्यानं आठवडाभर न जेवलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीबाईंच्या हातात एकदा शीर शोधून दाखवावी. भलेभले डॉक्टर तिथे घामाघूम होतात आणि मग हळूच म्हणतात, "मावशींना बोलवा." मावशी येते, रबरी पट्टा बांधते, डोळे मिटते आणि दोन बोटांनी चाचपत राहते. शीर डोळ्यांनी बघायची नसते, बोटाला लागायची असते, असं तिचं म्हणणं. मग आजीबाई विचारतात, "कधी टोचणार गं?" आणि मावशी नळीला टोपण लावत म्हणते, "झालं की!"

या कामानं तिची नजर मात्र कायमची बिघडवली होती. बसमध्ये दांडा धरून उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या हाताकडे ती अशी टक लावून बघायची, की नवऱ्याला दोनदा त्या माणसांची माफी मागावी लागली. या नवऱ्याला ती पहिल्यांदा भेटून आली तेव्हा आईनं विचारलं होतं, "कसा वाटला मुलगा?" ती म्हणाली, "शिरा छान आहेत." संसार पुढे चांगला झाला, तेव्हा पद्धत अगदीच चुकीची नसावी.

एक नियम ती नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी घोकून घ्यायची. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घ्यायचं नाही, म्हणजे नाही. त्या हातातून घेतलं की रक्ताबरोबर सलाईनही नळीत उतरतं, आणि मग मशीन जे आकडे छापतं ते माणसाचे नसतात, बाटलीचे असतात. बाकी त्या आकड्यांचा अर्थ काय, माणूस बरा होणार की नाही, यात ती कधी नाक खुपसत नसे. नळी भरली, हलवली, नाव लिहिलं, तिचं काम संपलं.

आता जाऊबाईंकडे वळू. त्यांना फार वेळ थांबवलेलं चालत नाही.

जाऊबाई म्हणजे तिच्या थोरल्या दिरांची बायको. एकोणचाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापकपद भूषवलं आणि निवृत्त झाल्यावर सगळं लक्ष एकट्या धाकट्या जावेवर केंद्रित केलं. जाऊबाई खाली राहायच्या, डासमावशी वरच्या मजल्यावर. बावीस वर्षांपूर्वी वरच्या कुंड्यांचं पाणी खालच्या धुतलेल्या चादरींवर पडलं, आणि त्या दिवसापासून दोघींमध्ये जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे पुराला ओहोळ म्हणण्यासारखं. जाऊबाई जिन्यात चिठ्ठी चिकटवायच्या, मुद्दे एक ते पाच. डासमावशी खाली उत्तर लिहायची, मुद्दे एक ते सहा. एखाद्या दिवशी चिठ्ठी नसली की ती जिना उतरताना दोनदा मागे वळून बघायची, पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी चिठ्ठी नव्हती, जाऊबाई स्वतःच जिन्यात होत्या. पायरीवर बसलेल्या, दोन्ही हातांनी पोट धरलेलं, चेहरा घामानं भिजलेला.

"पोटात दुखतंय," त्या म्हणाल्या. "पाठीतून आरपार जातंय. दहापैकी नऊ."

"अगंबाई! नऊ?"

"नऊच. दहा कधी कुणाला देत नाही मी."

अर्ध्या तासात त्या रुग्णालयात होत्या आणि दुपारपर्यंत अतिदक्षता विभागात. पित्ताशयातला एक बारका खडा खाली घसरून भलत्या नळीच्या तोंडाशी अडकला होता आणि त्यामुळे स्वादुपिंड चिडलं होतं. एरवी हे स्वादुपिंड पोटाच्या मागच्या बाजूला गुपचूप बसून अन्न पचवायचा रस बनवतं. चिडलं की तोच रस ते स्वतःवर ओततं. काहींचं आठवड्याभरात शांत होतं, काहींचं सगळ्या शरीराला घेऊन बुडतं. कोण कोणत्या बाजूला जाणार हे पहिल्या दिवशी कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी एक मोजमाप बसवलेलं आहे. आल्या आल्या पाच गोष्टी बघायच्या, अठ्ठेचाळीस तासांनी आणखी सहा. जी गोष्ट बिघडलेली तिचा एक गुण.

अतिदक्षता विभागाची डॉक्टर तिशीतली होती, बोलायला मऊ. तिनं जाऊबाईंना समजावून सांगितलं, "बाई, आत्ता तुमचे दोन गुण झालेत. उरलेले गुरुवारी सकाळी कळतील."

"अकरापैकी दोन?" जाऊबाईंचा आवाज वेदनेतही चढला. "नापास?"

"इथे कमी गुण चांगले, बाई. शून्य सगळ्यात उत्तम."

जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. एकोणचाळीस वर्षं ज्यांना शून्य दिलं ती सगळी पोरं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत.

डासमावशी ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तिनं पट्टा काढला आणि पुढे झाली. तेवढ्यात जाऊबाईंनी डोळे उघडले. "हिची सुई नको."

"अहो जाऊबाई, सगळं रुग्णालय माझ्या सुईसाठी रांग लावतं."

"लावू दे. मला दुसरं कुणीही चालेल. हिची नको."

तिच्या चौतीस वर्षांत असा अपमान कुणी केला नव्हता. दोन वर्षांची मुलंसुद्धा टोचून झाल्यावर तिला टाटा करत. ती वळली आणि खालच्या मजल्यावर जाऊन तीन माणसांचं रक्त इतक्या झटपट घेतलं की तिघांनीही "झालं?" म्हणून विचारलं.

मंगळवारी आणि बुधवारी दुसऱ्या कुणीतरी पायाच्या शिरेवर भागवलं. गुरुवारी सकाळी दहाला मोठ्या तपासणीची वेळ, आणि इथे आपुलकीनं घोळ घातला. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांना कळलं की मावशींच्या जाऊबाई भरती आहेत, आणि या जाऊबाई म्हणजे दुसऱ्या तिसऱ्या कुणी नसून आपल्याच गणिताच्या बाई! साहेब गहिवरले. घरचं माणूस, त्यात बाई, म्हणजे नमुना आपणच घ्यायला हवा. त्यांनी अकरा वर्षांत सुई हातात धरली नव्हती. ते सह्या करत.

पुढचं सगळं नर्सनं नंतर रंगवून सांगितलं. साहेब नवा कोट घालून आले, खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी. तिसऱ्या बाकावरचा."

जाऊबाईंनी एक डोळा उघडला. "सतरा नवे?"

"एकशे त्रेपन्न, बाई."

"बरं. घे." आणि त्यांनी डावा हात पुढे केला. उजवा पांघरुणाखालीच राहू दिला. तो लिहायचा हात, तो त्या कुणाला देत नसत. सलाईन होतं ते डाव्याच मनगटाला. पण बाईंनी हात पुढे केला आहे आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा म्हणतो आहे की हा नको, दुसरा द्या, हे त्या शाळेत कधी घडलं नव्हतं. साहेबांनी कोपरात सुई लावली. नळ्या भरल्या. नर्स औषधांच्या कपाटाशी होती, आणि तिनं बघितलं असतं तरी साहेबांना सांगणार कोण?

साडेअकराला आकडे आले. रक्तातली साखर सहाशे चोवीस. कॅल्शियम सात पूर्णांक सहा. रक्ताचा दाटपणा मंगळवारी शेहेचाळीस होता, तो पस्तीसवर. डॉक्टरनं बेरीज केली. दोनाचे सहा झाले होते.

नर्स म्हणाली, "पण मॅडम, सकाळी बोटातून बघितली तेव्हा साखर एकशे बेचाळीस होती."

"पाच तासांत बिघडली असेल. नाहीतर आपलं छोटं मशीन चुकत असेल. हा नमुना तर खुद्द साहेबांनी घेतलाय." डॉक्टरनं इन्सुलिन सुरू करायला सांगितलं आणि बाहेर येऊन थोरल्या दिरांना सगळं नीट सांगितलं. सहा गुण म्हणजे शंभरातले जवळजवळ चाळीस जण वाचत नाहीत. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

थोरले दीर म्हणजे गरीब गाय. त्यांनी आधी बहिणीला फोन केला, म्हणजे सगळ्या नातलगांना केल्यासारखंच झालं. डासमावशी दुसऱ्या इमारतीतली फेरी संपवून आली तेव्हा बाहेरच्या बाकांवर नणंद रुमाल भिजवत होती, तिच्या शेजारी कुणाकुणाच्या सासवा होत्या, आणि दीर भिंतीकडे बघत उभे होते.

"शंभरातले चाळीस," ते म्हणाले. "सहा गुण पडले म्हणे. तिला कधी कुणी सहा गुण दिले नव्हते गं."

डासमावशी खाली बसली. आजवर तिनं किती सहा गुणवाल्यांचं रक्त घेतलं असेल, पण गुणांशी तिचा संबंध नव्हता. आता तो आला, आणि तिला कळलं की तिला या बाईशिवाय जगता येणार नाही. नवऱ्याशिवाय एक वेळ येईल, तो तसाही टीव्हीसमोर असतो. पण सकाळी जिना उतरायचा आणि भिंत कोरी? तिला एकदम जोरात रडू आलं. बाहेर रडायला जागा नव्हती, ती सगळी नणंदेनं व्यापली होती, म्हणून ती आत गेली.

जाऊबाई डोळे मिटून पडल्या होत्या. डासमावशी खाटेशी उभी राहून रडत होती आणि रडताना, सवयच ती, हाताकडे बघत होती. डाव्या मनगटाला सलाईन. वर बाटलीवर लिहिलेलं, साखरेचं. आणि त्याच हाताच्या कोपरात कापसाचा बोळा, ताज्या चिकटपट्टीचा.

ती रडायची थांबली. पांघरूण उचलून तिनं उजवा हात बघितला. कोरा. पांघरूण खाली सोडलं. पुन्हा डावा बघितला.

"सकाळी दहाचं रक्त कुठल्या हातातून घेतलं?" तिनं नर्सला विचारलं.

"साहेबांनी घेतलं ना? त्याच. डाव्या."

आणि डासमावशीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग ते आवरेचना. सहा गुण बाटलीला पडले होते! साखर बाटलीची होती! ती हसत हसत दाराबाहेर गेली, "डॉक्टर! डॉक्टर कुठेयत?" म्हणत, डोळ्यांतून पाणी, पदर खांद्यावरून घसरलेला.

"बघा," नणंद म्हणाली, "इकडे थोरली वहिनी चाललीय आणि धाकटीला हसू आवरत नाहीये! बावीस वर्षांचं साचलंय ते!"

"वन्सं, रडणं बंद करा, चुकीच्या नळीसाठी रडताय तुम्ही!" असं ओरडून ती पुन्हा आत पळाली. डॉक्टर आतच, इन्सुलिनच्या पंपापाशी, नर्सच्या शेजारी सापडली. पंप आत्ताच कुठे दुसऱ्या विभागातून मिळाला होता आणि भरून तयार होता. नर्सचं बोट बटणावर होतं.

"थांबा! साखर खोटी आहे."

"मावशी, आकडा साहेबांच्या—"

"साहेबांनी सलाईनच्या हातातून घेतलंय. बोट द्या, बोट." तिनं जाऊबाईंच्या उजव्या हाताचं बोट टोचलंसुद्धा. जाऊबाई "अगं ए!" म्हणेपर्यंत छोट्या मशीनवर आकडा आला. एकशे अडतीस. डॉक्टरला खात्री पटेना, म्हणून शेजारच्या खाटेवरचं दुसरं मशीन आणलं. एकशे चाळीस. नर्सनं बटणावरून बोट असं काढलं, जसं काही ते तापलेलं होतं.

डॉक्टर खुर्चीत बसली. "हे इन्सुलिन गेलं असतं तर..." तिनं पंप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "साखर कळली. पण बाकीचे आकडे? पूर्ण नमुना पुन्हा हवा. आत्ताच्या आत्ता, उजव्या हातातून."

"उजवा मिळणार नाही," खाटेवरून आवाज आला. "आणि हिला तर नाहीच."

डासमावशीनं कमरेवर हात ठेवले. हसू अजून पोटात उसळत होतं आणि आता त्यात संतापही मिसळला. "का? सांगा तरी. बावीस वर्षं चादरी धरून बसलात, आता तरी—"

"चादरींचं नाही." जाऊबाईंनी मान वळवली. बोलायला त्यांना त्रास होत होता. "मला भीती वाटते. सुईची. लहानपणापासून. हुंदका येतो. बाकीच्यांसमोर आला तर आला, ती काय, जातील आपापल्या घरी. तू वरच राहतेस."

साऱ्या शाळेला थरथर कापायला लावणाऱ्या बाईला सुईची भीती, आणि ती लपवायची कुणापासून, तर जावेपासून. डासमावशीला त्यांची इतकी माया आली की ती मुद्दाम कोरड्या आवाजात म्हणाली, "बरं. मग राहू दे. फक्त एवढंच सांगायचं होतं, की तुमचे गुण चुकलेत."

जाऊबाईंचे डोळे उघडले.

"सहा दिलेत. तुमचे नाहीत ते. पेपर तपासणाऱ्यानं दुसऱ्याचीच उत्तरपत्रिका तपासली."

"कोणी?"

"तिसऱ्या बाकावरच्यानं."

"मला वाटलंच होतं. पहिल्यापासून घाईचा. आकडे सांग."

"जाऊबाई, आराम करा, मी—"

"आकडे सांग!"

डॉक्टरनं सांगितले, आणि गुण कुठे पडतो तेही: आज साखरेला गुण नाही, कॅल्शियम आठाखाली गेलं तर एक, दाटपणा दहाहून जास्त घसरला तर एक. जाऊबाई छताकडे बघत राहिल्या. श्वास लागत होता, मध्ये मध्ये त्या ओठ घट्ट मिटत होत्या, पण चेहऱ्यावर असं काही आलं होतं जे मंगळवारपासून नव्हतं. "बाटलीत साखर किती?"

"शंभराला पाच ग्रॅम."

"म्हणजे तुमच्या मापात पाच हजार." पांघरुणाखाली उजवं बोट आकडे लिहायला लागलं. "सहाशे चोवीसमधून एकशे अडतीस गेले... चारशे शहाऐंशी. पाच हजारांतूनही तेवढेच काढले, चार हजार आठशे बासष्ट. नळीतला दहावा हिस्सा सलाईन. बरोबर दहावा. मग रक्त उरलं नऊ हिस्से. कॅल्शियमही नऊच हिस्से दिसलं. सात पूर्णांक सहा भागिले नऊ, गुणिले दहा." डोळे मिटले. सगळा विभाग, म्हणजे डॉक्टर, नर्स आणि शेजारच्या खाटेवरचा सुतार, श्वास रोखून उभा, सुतार अर्थात पडून. "आठ पूर्णांक चार. आणि दाटपणा एकोणचाळीस. शेहेचाळीसवरून एकोणचाळीस. दहाच्या आत."

डॉक्टर बोटांवर मोजत होती. "मग हे दोन्ही गुण जातात. चारच राहतात!"

"हा नुसता अंदाज झाला," जाऊबाई म्हणाल्या. "ताळा करून बघायला हवा." आणि त्यांनी पांघरुणाखालून उजवा हात काढून जावेपुढे धरला.

डासमावशीनं पट्टा बांधला. दोन बोटांनी कोपरात चाचपलं. शीर चटकन लागली, छान, गुबगुबीत, बावीस वर्षं खालच्या मजल्यावर असलेली आणि तिला कधी न भेटलेली. तिनं सुई उचलली आणि तिच्या लक्षात आलं की हात थरथरतोय. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं सुई खाली ठेवली, पुन्हा उचलली. थरथर तशीच. आता ही नळी तिच्यासाठी नुसती नळी नव्हती. आठ पूर्णांक चार नाही आलं तर?

जाऊबाईंनी डोळे गच्च मिटले होते, गालावरून पाणी ओघळत होतं. पण एकोणचाळीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फिरलेल्या माणसाला कुणाचा हात थरथरतोय हे डोळे मिटूनही कळतं.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "वेळ भरपूर आहे. सावकाश सोडव."

थरथर थांबली. सुई गेली.

"सत्तावीस एके सत्तावीस," जाऊबाई दातांवर दात दाबून म्हणायला लागल्या, "सत्तावीस दुणे चोपन्न, सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी, सत्तावीस चोक एकशे आठ..."

"झालं की!"

"एवढ्यात?"

"एवढ्यात."

"मग लोक रांग लावतात ते ठीकच आहे," जाऊबाई म्हणाल्या, आणि मगच हुंदका बाहेर पडू दिला.

नळी घेऊन डासमावशी स्वतः पळत प्रयोगशाळेत गेली. सत्तावन्न वर्षांची बाई, दोन मजले, लिफ्टची वाट न बघता. साहेब खुर्चीत होते. तिनं नळी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, सगळं, कुठल्या हातातून काय आलं ते, आणि पंपाच्या बटणावरच्या बोटाचंही. साहेबांचा रंग उडाला. ते उठले, नवा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि मशीनपाशी स्वतः उभे राहिले. अर्धा तास मशीन घुरघुरत राहिलं. मग कागद बाहेर आला.

कॅल्शियम आठ पूर्णांक चार. दाटपणा एकोणचाळीस.

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि एकदम "बाई!" असं ओरडले, जणू त्या खोलीतच उभ्या होत्या. डासमावशीनं त्यांना मिठी मारली. तिच्या चौतीस वर्षांत साहेबांना कुणी मिठी मारलेली तिनं पाहिली नव्हती, त्यामुळे ते हात कुठे ठेवायचे हे न कळून तसेच वर धरून उभे राहिले. त्यानंतर ते स्वतः अतिदक्षता विभागात गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की चूक माझी. जाऊबाई म्हणाल्या, "हात मी दिला होता, अर्धी माझी. कबूल केलंस हे बरं केलंस. पण पुन्हा सुईला हात लावू नकोस."

बाहेर नणंदेला कळेना की आता रडायचं की थांबायचं. डासमावशीनं तिला धरून गरागरा फिरवलं. दीर भिंतीकडे बघत उभे होते ते खाली बसले आणि चारच, चारच, असं पुटपुटत राहिले. दोन सासवा टाळ्या वाजवायला लागल्या आणि पहारेकऱ्यानं येऊन सगळ्यांना बाहेर काढलं.

हसण्याच्या भरात एक गोष्ट झाकायला नको. चार गुणही काही सुखाचे नसतात. डॉक्टरनं जाऊबाईंना लपवलं नाही. "शंभरातले पंच्याऐंशी घरी जातात," ती म्हणाली.

"आणि पंधरा?"

डॉक्टर सलाईनचे थेंब मोजायला लागली.

"मी कोणत्यात, ते तुझ्या मोजमापाला कळत नाही तर."

"नाही, बाई. ते शंभर जणांचं सांगतं. एकाचं नाही."

"प्रामाणिक आहेस," जाऊबाई म्हणाल्या. मग जावेकडे वळल्या. "तू किती वाजता फेरी सुरू करतेस?"

"सहाला."

"माझ्याकडे पावणेसहाला यायचं. बाकीचे नंतर. उशीर चालणार नाही."

ती गेली. तेवीस सकाळी गेली. नवव्या दिवशी ताप चढला आणि तीन दिवस पाढा सत्तावीस दुणेच्या पुढे गेला नाही. नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडलं गेलं, ज्याला जाऊबाई राखाडी अपमान म्हणत. चौदाव्या दिवशी पोटात पाणी साठल्याचं दिसलं, आणि त्या दिवशी डासमावशी नळ्या प्रयोगशाळेत पोहोचवून जिन्यात बसून रडली. अठराव्या दिवशी जाऊबाईंनी सुतारबुवांना अपूर्णांक शिकवायला घेतलं. एकविसाव्या दिवशी त्यांनी पहिला चहा प्यायला आणि तो फार गोड आहे अशी लेखी तक्रार केली, मुद्दे एक ते तीन. डासमावशी तो कागद पर्समध्ये घेऊन सगळ्या वॉर्डांत दाखवत फिरली. सव्विसाव्या दिवशी दुपारी दिरांनी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. डासमावशीनं सामान ठेवलं, गाडीचं दार लावलं, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला ती ट्रे घेऊन त्याच विभागात शिरली. पाय आपसूकच त्या कोपऱ्याकडे वळले. खाट रिकामी होती. स्वच्छ पांढरी चादर, ताणून बसवलेली, उशीवर घडी न मोडलेलं पांघरूण.

अशा खाटा तिनं चौतीस वर्षं बघितल्या होत्या. ट्रेमधल्या नळ्या किणकिणल्या. अगदी क्षणभर, पण त्या क्षणात ती पंधरांपैकी एकीच्या खाटेसमोर उभी होती.

मग तिला कालची दुपार आठवली, आणि ती अशी हसत सुटली की नर्स धावत आली. डासमावशीनं ट्रे त्या चादरीवर ठेवला, फोन काढला आणि घरी लावला. एवढ्या सकाळी कोण उचलणार, असं म्हणेपर्यंत पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"पाच मिनिटं उशीर झालाय तुला," जाऊबाई म्हणाल्या.